शेंदराचा मान

"बाई, ह्याला मार्क किती?"

पालकसभेत माझी दोनच वाक्यं झाली होती. सातवीच्या मुलांनी यंदा इतिहासाच्या जोडीला एक सेवेचं काम करायचं आहे, आणि ते काय असणार हे घरच्यांना आधी कळावं म्हणून ही सभा, एवढंच मी सांगितलं होतं. तेवढ्यात मागून हा प्रश्न आला.

"मार्क नाहीत," मी म्हटलं.

"मग करायचं कशाला?"

असं सरळ विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. राग येतो तो गोडगोड बोलणाऱ्यांचा. एक आई उठल्या आणि म्हणाल्या, सेवेचं महत्त्व आम्हालाही पटतं हो, आमच्याकडे पहिल्यापासून संस्कार आहेत, पण ते काम सावलीत करता येईल का? दुसऱ्या म्हणाल्या, हातमोजे शाळा देणार की आम्ही आणायचे, आणि आणायचे तर कुठल्या रंगाचे? एका गृहस्थांनी विचारलं की मुलाऐवजी घरचं दुसरं कुणी आलं तर हजेरी लागेल का. मी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. ते चेष्टा करत नव्हते.

काम तसं साधं होतं. मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून, उकिरड्यात अर्धा रुतलेला एक वीरगळ होता. जुन्या काळी कुणी लढताना मेलं की त्याच्या आठवणीसाठी गाव असा दगड कोरून उभा करायचं. आमच्या वीरगळावर शेंदूर, चुना आणि निवडणुकीतला उरलेला ऑइलपेंट यांचे इतके थर बसले होते की कोरीव काम दिसतच नव्हतं, नुसते फुगवटे. पूजा कुणी करत नव्हतं. भिंतीवर घोषणा रंगवून झाली की कार्यकर्ते त्याच्यावर ब्रश पुसायचे. मुलांनी उकिरडा हटवायचा, थर हलक्या हाताने काढायचे, आणि हा कोण, कशासाठी मेला, हे दगडाकडे बघून आणि गावात विचारून शोधायचं. मग प्रजासत्ताक दिनाला ते गावापुढे सांगायचं. कल्पना आमच्या मुख्याध्यापकांची, रेठरेकर सरांची. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून ते ती घेऊन आले आणि आल्या आल्या माझ्या गळ्यात मारून मोकळे झाले.

मी नाही म्हणू शकत नव्हते. मी शिक्षणसेविका होते. माझी तीन वर्षं भरत आली होती आणि जानेवारीच्या शेवटी संचालक मंडळ ठरवणार होतं की कुंभोजकर बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं. घरी म्हणजे भावाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. शिकवण्याची आवड वगैरे नंतरची गोष्ट. मला स्वतःच्या दाराला स्वतःची कडी हवी होती, आणि ती या नोकरीवाचून मिळणार नव्हती.

"त्यो दगड आमचा हाय," दौलतराव खराडे बसल्या जागेवरून म्हणाले.

दौलतरावांचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं, ते संस्थेचे संचालक होते आणि त्यांची मुलगी देवयानी माझ्या वर्गात होती. ते पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते.

"तुमचा म्हणजे, जागा तुमची?" मी विचारलं.

"जागा न्हवं, दगड. आमचा पूर्वज हाय त्यो. घोड्यावर बसलाय, तलवार उगारलीय. बघितलं न्हाई का तुमी?"

रंगाखाली एक आडवा फुगवटा होता आणि त्याच्या एका टोकाला वर वळलेली बारीक रेघ. ती त्यांना तलवार दिसत होती. मी तोंड उघडणार तोच वकील सबनीस घसा साफ करत उभे राहिले. त्यांचा निषादही माझ्याच वर्गात.

"क्षमा करा, दौलतराव. ती तलवार नसून लेखणी आहे, असं आमच्या तीर्थरूपांनी आम्हाला बालपणीच दाखवलं होतं. आमचे मूळपुरुष दरबारी लेखनाचं काम करत असत आणि प्रसंगी रणांगणावरही..."

"लेखणी घिऊन कोण लढाईला जातंय हो?"

"इतिहासाला शोरूमचे नियम लागू होत नाहीत, दौलतराव."

झालं. त्या क्षणापासून मार्क, ऊन, हातमोजे, सगळं मागे पडलं. प्रश्न एकच उरला, की शेंदराचा मान कुणाचा. आमच्या भागात अशा दगडाला शेंदराचं पहिलं बोट लावण्याचा मान त्या वीराच्या वंशजांचा असतो. दगड उकिरड्यात लोळत होता तेव्हा हा मान कुणाला आठवला नव्हता. आता फोटोग्राफर येणार, पेपरात नाव येणार म्हटल्यावर दोन्ही घराण्यांचं रक्त एकदम उसळलं.

रेठरेकर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. रुमालाने मान पुसत म्हणाले, "बाई, दौलतराव संचालक आहेत. सबनीस संस्थेचे वकील आहेत. तुमचं कायम होणं या दोघांच्या हातात आहे. तेव्हा मुलांच्या अभ्यासातून असं काहीतरी निघू द्या की दोघांचंही समाधान होईल."

"म्हणजे एक वीर दोघांचा पूर्वज?"

"चुलत वगैरे काही निघत नाही का?"

"सर, आधी रंग तर निघू द्या."

पहिल्या रविवारी मी यार्डाच्या भिंतीपाशी पोचले तर सेवेला निम्म्या घरांतून ड्रायव्हर आलेले. कुणाच्या धुणंभांडीवाल्या मावशी घमेलं घेऊन उभ्या. निषाद सबनीस गाडीत काचा वर करून बसला होता आणि वकिलांचे कारकून पँट दुमडून उकिरडा उपसत होते. गाडीतून निषादची आई मला खुणेने विचारत होती की फोटो आत्ता काढायचा का. मी सगळ्या मोठ्या माणसांना हाकलून लावलं. मी मुळातच फटकळ, त्यात नाकात उकिरड्याचा वास, तेव्हा काय काय बोलले ते विचारू नका. दोन पालकांनी माझी तक्रार केली. सरांनी ती मला वाचून दाखवली आणि पुन्हा मान पुसली.

त्यानंतर दर रविवारी आठदहा मुलंच यायची, पण ती मन लावून काम करायची. गरम पाणी, नारळाची शेंडी आणि बांबूच्या चिपा, बाकी काही हत्यार मी हातात घेऊ दिलं नाही. सगळ्यांत पुढे देवयानी. कमी बोलणारी, शाई लागलेल्या बोटांची पोरगी. बापाने सांगितलेलं अक्षर न् अक्षर तिने खरं मानलं होतं. ती घरून स्वतःचा जुना टूथब्रश घेऊन यायची.

"बाई, तोंडाकडचा भाग मीच धुणार. आमचे पूर्वज आहेत ना ते."

आणि खरंच, काम करताना ती दगडाशी बोलायची. लागलं का, आजोबा. थोडंसंच राहिलंय, आजोबा. बाकीची पोरं तिला चिडवायची, पण तिला त्याचं काही नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर शेंदराचं जाड कवच एका बाजूने सुटलं आणि थेट खालपर्यंत पापुद्र्यासारखं निघून आलं. मुलं दगडाभोवती गोळा झाली.

"बाई, ह्याला शेपूट आहे," कुणीतरी म्हणालं.

"घोड्याला असणारच," निषाद म्हणाला. एव्हाना तोही गाडीतून खाली उतरायला लागला होता.

"हा घोडा नाही," देवयानी दगडाला नाक लावून म्हणाली. "घोड्याला असे दात नसतात."

मी वाकून बघितलं. खालच्या चौकटीत सुळेवालं रानडुक्कर होतं आणि त्याच्या मानेला दातांनी धरून लोंबकळत असलेला एक कुत्रा. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला काखेत धरून स्वर्गाला नेत होत्या. सगळ्यांत वर महादेवाची पिंडी, आणि पिंडीपुढे तोच कुत्रा, कान टवकारून बसलेला. शेपूट वर वळलेली. तीच ती तलवार आणि तीच ती लेखणी.

मी तिथेच उकिरड्याच्या कडेला बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन घराणी महिनाभर एकमेकांच्या उरावर बसत होती ती या कुत्र्यासाठी. मुलंही हसायला लागली. देवयानी तेवढी हसली नाही. ती खालच्या चौकटीचा कोपरा ब्रशने घासत होती.

"बाई, इथे मागे कुणीतरी आहे."

कुत्र्याच्या मागे बोटभर उंचीची एक मूर्ती होती. पाठीवर वेणी, डोक्यावर घागर. लहान मुलगी.

"डुक्कर हिच्या अंगावर आलं होतं," देवयानी म्हणाली. "आणि हा मधे पडला."

"तसंच दिसतंय."

"आणि मेला?"

"मेल्याशिवाय असा दगड उभा करत नाहीत."

"कुत्र्यासाठी सगळ्या गावाने दगड केला, बाई?"

"तेव्हाची माणसं बरी असतील," मी म्हटलं.

बातमी गावात पसरायला दुपारही लागली नाही. चहाच्या गाड्यावर लोक चेष्टेने एकमेकांनाच खराडे म्हणत विचारायला लागले, काय खराडे, आज भुंकला नाहीत? प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात तक्ते गुंडाळत होते, तर दारात दौलतराव आणि वकील सबनीस. दोघं बरोबर, एकाच गाडीतून आलेले. महिनाभर ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांना कुत्र्याने एका गाडीत बसवलं होतं.

"बाई," दौलतराव म्हणाले, "शेंदूर लावून टाका पुन्हा. चांगला जाड. माणसं धाडू का?"

"आणि मुलांनी आठवडाभर पाठ केलंय त्याचं काय?"

"शिल्प झिजल्याने नीट ओळखता येत नाही, असं म्हणता येईल," वकील म्हणाले. "हे विधान कायद्यानेही सुरक्षित आहे."

"ते ओळखता येतंय, वकीलसाहेब. शेजारच्या चहावाल्यालाही ओळखता आलं."

दौलतराव बाकावर टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "कायम व्हायचंय न्हवं, बाई, तुमाला?"

व्हायचं होतं. खोटं कशाला सांगू. पण तो माणूस ज्या थाटात बसला होता तो बघून माझं डोकंही फिरलं.

"शेंदूर लावायला माझी ना नाही," मी म्हटलं. "पण तो मान वंशजांचा, असं तुम्हीच भर सभेत सांगितलंत. तेव्हा उद्या सगळ्या गावापुढे वंशजांनी यावं आणि लावावा. जाड लावा, पातळ लावा. फक्त कुणी लावायचा ते आत्ता सांगा, म्हणजे मी तसं नाव पुकारते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वकीलसाहेबांचं घराणं थोरलं," दौलतराव म्हणाले. "शिकलेली माणसं."

"छे, छे, असं कसं! मूळ तुमचंच जुनं, दौलतराव. आमचं काय, आम्ही नंतर आलो."

"आता कशाला मागं सरताय? लेखणी हाय म्हणाला न्हवं का?"

"माझी पाहण्यात चूक झाली असेल. तलवारच असावी."

मी तक्ते उचलले आणि त्यांना तिथेच ठेवून निघून आले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर सगळं गाव भिंतीपाशी लोटलं. उकिरड्याचा मागमूस नव्हता, मुलांनी सडा टाकून रांगोळी काढली होती. इतकी गर्दी काही इतिहासाच्या प्रेमाने झाली नव्हती, ती दोन प्रतिष्ठितांची फजिती बघायला झाली होती. दगडावरचं फडकं काढलं तशी खसखस पिकली. रेठरेकर सर माईकसमोर गेले आणि पडेल आवाजात म्हणाले, "आता मानाचा शेंदूर लावण्यासाठी... वंशजांपैकी... कुणी असल्यास..."

दौलतराव मोबाइलवर बोलत असल्यासारखं करत होते. वकील चष्मा पुसत होते. मागून कुणीतरी चक्क भुंकलं.

मुलांच्या रांगेतून देवयानी उठली.

ती सरळ शेंदराच्या ताटापाशी गेली. वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी लावू ना? तुम्ही म्हणाला होतात, कुणी पुढे आलं नाही तर खराड्यांनी जायचं."

दौलतरावांनी मोबाइल कानाला आणखी घट्ट लावला. तिने तेलात कालवलेल्या शेंदरात बोट बुडवलं आणि कुत्र्याच्या कपाळाला लावलं. लोकांच्या हसण्याचा नुसता गडगडाट झाला. तिला वाटलं, आपण काय म्हणतोय ते लोकांना समजलं नाही. म्हणून ती माईकपाशी आली आणि टाचा उंच करून बोलली.

"हा आमचा पूर्वज नाही. मागे ती मुलगी आहे ना, ती आमची पूर्वज असेल. कदाचित सबनिसांची असेल. किंवा तुमच्यातल्या कुणाची पण असेल. हा मधे पडला नसता तर ती मेली असती, आणि मग आपण कुणी झालोच नसतो. म्हणून मी ह्याला शेंदूर लावला."

मी हा विषय तीन वर्षं शिकवला, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. आणि गाव काय करत होतं? पोट धरून हसत होतं. खराड्याची पोरगी कुत्र्याला आजोबा म्हणाली, एवढंच त्यांनी ऐकलं. शेकड्याने जमलेल्या त्या शहाण्यासुरत्या माणसांत एकाच्याही कानात ते वाक्य शिरलं नाही. दौलतराव गाडीत बसून निघून गेले. पुढच्या वर्षीपासून शाळेने सेवेसाठी वृक्षारोपण घेतलं, असं मला नंतर कळलं. झाडाला कुणाचं घराणं चिकटत नाही, तेव्हा पालकही खूश झाले म्हणे.

सोमवारी मधल्या सुट्टीआधी सरांनी बोलावलं.

"बाई, दौलतराव मनाने मोठे आहेत. तुम्हाला कायम करायला ते अजूनही तयार आहेत."

"पण?"

"पण देवयानीने प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं की तिने चेष्टा केली. कुत्र्याचा आणि घराण्याचा काही संबंध नाही, चूक झाली, माफ करा. दोन ओळी."

"ते त्यांनी मुलीला सांगावं."

"सांगून झालं," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "मारूनही झालं. ती ऐकत नाही. म्हणते, चेष्टा केलीच नाही तर कशी म्हणू. तुमचं ऐकेल, म्हणून तुम्हाला सांगतोय. मी तुमच्या भल्याचं बघतोय, बाई."

मी वर्गात गेले. पोरं डबे खात होती. देवयानी खिडकीजवळ एकटी बसली होती. तिच्या दंडावर पट्ट्याचे वळ उठले होते आणि ती बाही खाली ओढून ते झाकत होती. मी शेजारी टेकले. तीच बोलली.

"बाई, मी तसं म्हटलं की तुम्ही कायम होणार? बाबा काल आईला सांगत होते."

"हो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. "मग मी म्हणते उद्या."

इतक्या सहज म्हणाली. बापाचा मार खाऊन जे तोंडातून काढलं नाही, ते माझ्यासाठी बोलायला ती एका क्षणात तयार झाली. या सगळ्या प्रकारात मला राग पुष्कळ आला होता, हसू पुष्कळ आलं होतं. रडू तेव्हाच आलं. त्या मोठ्या माणसांनी मिळून एका तेरा वर्षांच्या पोरीला कुठे आणून उभं केलं होतं, आणि मला तिच्यासमोर काय म्हणून बसवलं होतं, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"खबरदार," मी ओरडले. "तसं एक अक्षर बोललीस तर याद राख."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. त्या पोरीवर मी कधी आवाज चढवला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"पण मग तुम्हाला काढून टाकतील, बाई."

"टाकू देत."

"मग आम्हाला इतिहास कोण शिकवणार?"

"रेठरेकर सर."

तिने बाहीने नाक पुसलं. जरा विचार केला. "त्यांना तर काहीच येत नाही, बाई."

"मग तू शिकव त्यांना," मी म्हटलं, आणि उठून ऑफिसात गेले, नाही म्हणून सांगायला.